जोडीनं पोशाख करताय? या चुका टाळा

नाशकात सोंग घ्यायला निमित्त शोधावं लागत नाही. धुळवडीला वीर निघतात. घरच्या देवांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत घेऊन लोक वाजतगाजत रामकुंडावर जातात आणि सोबतची लेकरं राम, कृष्ण, खंडोबा झालेली असतात. सुरगाणा-पेठकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे नाचतात. अलीकडे नवरा-बायकोही हौसेनं जोडीचे पोशाख करतात, तेही घरी, याचा मला मनापासून आनंद आहे. भाड्याच्या पोशाखात आपलं असं काही नसतं. पण अर्धवट शिवलेलं गाठोडं घेऊन जी जोडपी माझ्याकडे येतात, ती वर्षानुवर्षं त्याच चुका करून येतात. म्हणून हे लिहिते आहे.

अंगावर न चढवता शिवत जाणं

गंगापूर रोडचं एक जोडपं कठपुतळीचे राजा-राणी होणार होतं. कल्पना फार सुंदर. त्या बाहुल्यांना पाय नसतात, म्हणून दोघांचे घोळदार झगे जमिनीपर्यंत, लाल-पिवळे, खाली चमचमती लेस. तिनं त्याचं माप घेतलं, त्यानं तिचं. दोन्ही मापं ताठ उभं राहून, हात खाली सोडून. आरशासमोर झगे दृष्ट लागावी असे दिसले. निघायच्या वेळी राजाला स्कूटरचं हँडल धरवेना. हात पुढे केला आणि काखेतली शिवण फाटकन उसवली. राणीला तर बसताच येईना. खाली घेरच घेर, पण कमरेत बोटभर सैल नाही. दोघं रिक्षा करून माझ्या दारात. उसवून मोठं करावं म्हटलं, तर आत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड, जेमतेम पाव इंच! त्यातून काय निघणार? शेवटी राजाच्या काखेत जुन्या परकराचे चौकोनी तुकडे घातले. राणीचा झगा पाठीत उभा कापला, दोन्ही कडांना काजं करून नाडी ओवली आणि वरून ओढणी सोडली. ते पोचले तेव्हा जेवणं सुरू झाली होती.

त्या दोघांची मेहनत कमी नव्हती. कमी पडली ती माया, आणि मधे एकदा घालून बघण्याचा धीर. मी बाजूच्या शिवणीत दीड इंच माया ठेवते. कुणी कापड वाया जातं म्हणालं तरी ठेवतेच. भारी कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्त मांजरपाटाचा कच्चा अंगरखा टाचून दोघांच्या अंगावर चढवते. मग मांडी घालून बसा, हात वर करा, जिना चढा-उतरा, एकमेकांना मिठी मारा, बाथरूमला जाऊन या. हे सगळं जमलं की मगच पक्की शिलाई. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ पाहून थेट मखमल कापणाऱ्यांना मला हात जोडून सांगायचंय, हा टप्पा गाळू नका.

आणि शेला, ओढणी, पदर हे सगळं दुचाकीवर बसताना पिशवीत. मागच्या चाकात कापड अडकलं तर जिवावर बेततं. मुक्कामी पोचून नेसा.

थर्माकोलवर स्प्रे

मुकुट, ढाल, गदा, सगळ्यांना थर्माकोलचीच हवी असते, कारण ते हलकं आणि पटकन कापलं जातं. मग घाई होते, सोनेरी स्प्रेचा डबा येतो आणि मुकुट डोळ्यांदेखत खड्ड्याखड्ड्यांनी विरघळतो. स्प्रेतलं द्रावक थर्माकोल खातं. चपलेचं सोल्युशनही खातं. गरम ग्लू गनचं टोक टेकलं तरी भोक पडतं. थर्माकोलला फेव्हिकॉलच लावायचा. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून दोन-तीन थर चढवायचे आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. पावसाळ्यात त्याला दोन-दोन दिवस लागतात, तितके द्या. मग पाण्याचा पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक. गणपतीच्या आदल्या रात्री मुकुट करायला घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे एकच उत्तर आहे: पुठ्ठा वापरा.

फोम शीट चिकटवणाऱ्यांची घाई वेगळी. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि थांबायचं. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला येता कामा नये. साधारण दहा मिनिटं. मग एकदाच नेमकं टेकवून दाबायचं. ओलं असताना दाबलं की कडा सुटतात आणि लोक दुकानदाराला दोष देतात. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.

बाकीच्या चुका

सुती कापड न भिजवता कापणं. कोरं कापड मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर सहज आटतं. बादलीत रात्रभर ठेवा, वाळवा, इस्त्री करा, मग खडू हातात घ्या.

जोडीचं कापड दोन वेळा आणणं. तोच हिरवा दुसऱ्या ताग्यात वेगळा निघतो, आणि शेजारी उभं राहिल्यावर तेच डोळ्यांत खुपतं. मेन रोडला जायचं तर दोघांचं मिळून एकाच ताग्यातून फाडून आणा.

एकाचा पोशाख महिनाभर, दुसऱ्याचा शेवटच्या रात्री. हे मला सगळ्यात जास्त दुखतं. बहुतेकदा बायको नवऱ्याचं नक्षीकाम पुरं करते आणि स्वतः कपाटातली जुनी साडी गुंडाळते. आमच्या घरी दोन्ही पोशाख रोज समान पुढे सरकतात. नवऱ्याची बाही झाली की बायकोची बाही. नवऱ्याला शिवता येत नसेल तर मणी ओवणं, काठ कापणं, इस्त्री त्याची.

एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवलेल्या दागिन्यांचा गरम ग्लू मऊ पडून मणी गळतात. दोन टाके सुईनं घाला.

चेहऱ्याला ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर कधीच नाही, फक्त चेहऱ्यासाठी बनवलेला रंग. तोही आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा. घरी आल्यावर आधी खोबरेल तेलानं पुसा, मग साबण.