मुळा पेरायचा, पण कधी?

कोल्हापूर भागात मुळा पेरायचा तो पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत. थंडाव्यात मुळा भरतो, लांब आणि रसाळ निघतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तेच बी टाकलं तर पाला माजतो, मुळा बारीक, तिखट आणि जरड राहतो, वजनही भरत नाही. उन्हाळ्यात घ्यायचाच असेल तर ‘पुसा चेतकी’ ही जात घ्या. ती उष्णता सोसते आणि ४०-४५ दिवसांत काढणीला येते. ‘जपानी व्हाईट’ ही जात थंडीसाठीच ठेवा.

आपल्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात वरंब्यावरच, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंचवट्यावरच, टोकण करा, म्हणजे बी टोचून लावा. आणि कळकळीनं सांगतो, सगळं बी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-चार सऱ्या पेरा. तयार मुळा रानात राहिला की आतून पोकळ पडतो, मग बाजारात कोणी हात लावत नाही.