पितळी स्टोव्हचा पंप दाबला की दांडा परत वर येतो: माझा अनुभव

वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर आजीचा पितळी पंपाचा स्टोव्ह सापडला. हवा भरली की दांडा आपोआप वर येई आणि पंपाच्या नळीत रॉकेल चढे. चामड्याचा वायसर दोनदा बदलला, निपलही (रॉकेलची वाफ बाहेर सोडणारं बारीक भोकाचं तोंड) नवी बसवली. काही फरक नाही. पंधरा दिवस फुकट गेले.

दोष होता नळीच्या तळाशी असलेल्या छोट्या झडपेत. टाकीतली हवा परत येऊ नये म्हणून ती असते.

आधी हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडला, रॉकेल ओतून टाकलं. पंपाचं टोपण फिरवून दांडा बाहेर काढला. झडप खोल असते, साधा पाना पोचत नाही. लोहाराकडून लांब सळीला टोकाशी खाच पाडून घेतली. झडप उघडली तर आतली मसुराएवढी रबरी गोळी दगडासारखी कडक झालेली, स्प्रिंग मात्र शाबूत. तिच्या जागी नायट्राइल रबराची (तेलाला टिकणारं कृत्रिम रबर) चकती कापून बसवली. सायकलच्या ट्यूबचं रबर वापरू नका, रॉकेलने फुगतं. झडप परत आवळली, वायसरला शिलाई मशिनचं तेल लावून त्याची वाटी खाली तोंड करून दांडा घातला.

मग स्क्रू बंद करून दहा पंप मारले, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही, दांडाही जागचा हलला नाही. खाऱ्या हवेने चढलेला हिरवा थर आमसुलाच्या पाण्याने निघाला.