उंदराच्या भ्रूणातील पेशींचे दोन निर्णय कसे पाहावेत

उंदराच्या भ्रूणातील पेशींना पहिल्या साडेचार दिवसांत दोनदा वाट निवडावी लागते. आधी वारेकडे जाणारे बाहेरचे आवरण, म्हणजे ट्रोफेक्टोडर्म, व्हायचे की आतल्या पुंजक्यात राहायचे हे ठरते. मग त्या पुंजक्यातून पिल्लाचे शरीर घडवणारा एपिब्लास्ट आणि पीतक पिशवीचे अस्तर होणारा प्रिमिटिव्ह एंडोडर्म वेगळे होतात. हे दोन्ही निर्णय प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहता येतात, मात्र काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात असावी.

मादीच्या योनीत समागमाची खूण, म्हणजे प्लग, दिसलेल्या दिवसाची दुपार 0.5 दिवस मानावी आणि 1.5 व्या दिवशी अंडवाहिनीतून दोन पेशींचे भ्रूण धुऊन काढावेत. खनिज तेलाखाली ठेवलेल्या केएसओएम या भ्रूण वाढवण्याच्या द्रवाच्या थेंबांत, 37 अंश सेल्सिअस तापमानाला आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ते वाढवावेत. वहीत वेळ लिहावीच, पण गट मात्र पेशी मोजूनच पाडावेत. एकाच मादीचे भ्रूणसुद्धा पुढे-मागे असतात आणि इन्क्युबेटरमधले तर गर्भाशयातल्यांपेक्षा रेंगाळतात. मी पहिल्या खेपेला केवळ तासांवर विसंबून गट पाडले आणि हाती आलेल्या रंगांच्या गोंधळाचा अर्थ लावण्यात पंधरा दिवस घालवले.

आठ पेशींच्या टप्प्यावर घाई करू नये, कारण इथे बघण्यासारखे बरेच असते. सुरुवातीला पेशी सुट्या गोळ्यांसारख्या दिसतात; काही तासांत ई-कॅडहेरिन या पेशींना जोडणाऱ्या प्रथिनाच्या बळावर त्या एकमेकींना इतक्या बिलगतात की त्यांच्यामधल्या रेषा अंधूक होतात. याच सुमारास प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या बाजूला एक वेगळा ध्रुव तयार होतो. पुढच्या विभाजनांत ज्या पेशी बाहेर राहून हा ध्रुव टिकवतात त्यांच्यात हिप्पो नावाची पेशीतली संदेशयंत्रणा थंडावते, याप हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि टीड-4 या प्रथिनाच्या जोडीने ट्रोफेक्टोडर्म घडवणारे सीडीएक्स-2 हे जनुक चालू करते. आत गेलेल्या पेशींत मात्र लॅट्स एन्झाइमे यापला फॉस्फेट जोडून केंद्रकाबाहेर अडवून ठेवतात. स्थानाचा आणि नशिबाचा हा संबंध तारकोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का यांनी 1967 मध्येच मांडला होता. त्यामागची रेणूंची साखळी कळायला आणखी चार दशके गेली.

पहिला निर्णय टिपण्यासाठी 16 ते 32 पेशींचे भ्रूण 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटे स्थिर करावेत, ट्रायटन या डिटर्जंटने पटले सच्छिद्र करावीत आणि याप व सीडीएक्स-2 च्या अँटिबॉडी रात्रभर 4 अंशांना लावाव्यात. या अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांत तयार केलेल्या असाव्यात, नाहीतर रंग वाहणारी दुय्यम अँटिबॉडी दोहोंनाही चिकटते. धुण्याच्या द्रवात थोडे अल्ब्युमिन असावे; ते विसरले की भ्रूण पिपेटच्या काचेला चिकटतात आणि शोधूनही सापडत नाहीत. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली कव्हरस्लिप दाबून बसवू नये, कारण ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेला भ्रूण, चपटा झाला की आत-बाहेर हा भेदच पुसला जातो. काचेच्या तळाच्या डिशमध्ये थेंबातच प्रतिमा घ्यावी.

दुसऱ्या निर्णयासाठी एपिब्लास्टची खूण असलेले नॅनॉग आणि प्रिमिटिव्ह एंडोडर्मची खूण असलेले गाटा-6 ही प्रथिने पाहावीत. सुरुवातीला आतल्या बहुतेक पेशींत दोन्ही असतात, पुढे त्या मीठ-मिऱ्यासारख्या विखुरलेल्या दोन जाती होतात आणि साडेचार दिवसांच्या सुमारास गाटा-6 च्या पेशी पोकळीला लागून थर धरतात. नुसते पाहून समाधान होत नसेल तर आठ पेशींपासून पुढे एका गटाला मेक एन्झाइम रोखणारे पीडी0325901 हे औषध 1 मायक्रोमोलर प्रमाणात द्यावे, दुसऱ्या गटाला हेपारिनसह मेकला चालना देणारे एफजीएफ-4 हे संदेशप्रथिन जादा द्यावे. पहिल्यात आतला पुंजका जवळजवळ सगळा नॅनॉगचा होतो, दुसऱ्यात गाटा-6 चा. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असते, म्हणून तुलनेच्या गटालाही तेवढेच डीएमएसओ द्यायला विसरू नये. निकाल मोजताना एकूण पेशींचे नव्हे, तर आतल्या पुंजक्यातील पेशींचे प्रमाण काढावे.

हा निकाल मानवी भ्रूणाला जसाच्या तसा लावू नये. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हाच एफजीएफ-मेक मार्ग रोखूनही मानवी भ्रूणातला हायपोब्लास्ट, म्हणजे प्रिमिटिव्ह एंडोडर्मशी जुळणारा थर, नाहीसा झाला नाही, आणि पुढच्या कामात मात्र तिथेही एफजीएफचा वाटा आढळला.