युक्तिवादाचा सांगाडा कसा तपासावा

"पेटीवर रत्नागिरी छापलंय ना, मग आंबा रत्नागिरीचाच!" महामार्गावरच्या एका स्टॉलवर हे ऐकून मी अख्ख्या पेटीचे पैसे मोजले. घरी कापला तर आंबा भलताच. फसवणूक विक्रेत्याची होतीच, पण त्या वाक्यातली पोकळीही मोठी होती. ती अशी शोधायची.

आधी बोलणं सुटं करा. 'म्हणून', 'मग', 'त्याअर्थी' यांच्या पुढे येतो तो निष्कर्ष. 'कारण', 'ज्याअर्थी' यांच्या मागोमाग येतं ते आधारविधान. जे गृहीत धरलंय, तेही कागदावर उतरवा. इथे ते असं: आंबा रत्नागिरीचा असेल, तर पेटीवर रत्नागिरी छापलेलं असतं.

मग शब्दांच्या जागी अक्षरं घाला. क असेल तर ख. ख आहे. म्हणून क. आंबा गेला, सांगाडा उरला.

आता खरी कसोटी. याच सांगाड्यात अशी विधानं भरून पाहा, की आधार खरे आणि निष्कर्ष खोटा. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी असेल तर ट्रॉलर रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीला लागलेले असतात. ट्रॉलर लागलेले आहेत. म्हणून बंदी आहे? ऑक्टोबरात वादळाचा बावटा चढला, तरी ट्रॉलर जेटीलाच असतात! असं एक उदाहरण पुरे, सांगाडा मोडला. आपल्या न्यायशास्त्रानं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रानं, हे फार पूर्वी ओळखलं: धुरावरून अग्नी ठरवता येतो, अग्नीवरून धूर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

विक्रेता म्हणेल, मला उलट म्हणायचं होतं: पेटीवर रत्नागिरी असेल, तर आंबा रत्नागिरीचा. ठीक. क असेल तर ख, क आहे, म्हणून ख. हा सांगाडा पक्का, त्याला कोणी हलवू शकत नाही. पण आता आधारविधानच खोटं, कारण छापील पेटीत कुठलाही आंबा भरता येतो. म्हणून सांगाड्याचा आकार आणि विधानांचं सत्य दोन्ही तपासायचं, पण वेगवेगळं.

आणखी एक पक्का आकार: क असेल तर ख, ख नाही, म्हणून क नाही. ट्रॉलर समुद्रात गेलेत, म्हणजे बंदी नाही. हां, कोणी बंदी मोडून गेला, तर चूक आकाराची नव्हे, पहिल्या विधानाची.

आता हे तुम्ही सोडवा. हापूसचं २०१८चं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना आहे. "रत्नागिरीचा हापूस मानांकित. हा हापूसही मानांकित. म्हणून हा रत्नागिरीचा." अक्षरं घाला, आणि देवगडचा एक आंबा हातात घेऊन बघा.