जुनी जीप पारखायला निघालात? आधी चेसीचा नंबर बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या जिपा अजून निघतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे लष्करी लिलावातनं सुटलेल्या गाड्यांच्या गोष्टी गल्लोगल्ली. ‘आजोबांनी डिस्पोजलमधनं घेतलेली, महायुद्धातली विलीज’ एवढं ऐकलं की गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात आणि माझ्या पोटात अजून गोळा येतो. गिऱ्हाइकासाठी जुन्या जिपा पारखून द्यायच्या या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. इंजिनाचा आवाज ऐकून बोअर किती गेलाय, चुंबक फिरवून पत्र्यावर लांबी (पुट्टी) किती भरलीय, एवढं तुम्हाला कळतं असं धरून चालतो. कळत नसेल तर आधी एखाद्या गॅरेजात वर्षभर हात काळे करा.

ओळखीच्या खुणा पाठ करायला अवघड नाहीत. महायुद्धातली जीप मुख्यतः दोघांनी बनवली. विलीजची एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ मध्ये दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. सुरुवातीच्या काही सोडल्या तर पुढच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, हेडलाइट जाळीच्या आत, मागे फाळका नाही, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. युद्धानंतरच्या सीजे, म्हणजे नागरी वापराच्या, जिपांना सात फटी आणि मागे फाळका. आपल्याकडे जास्त दिसते ती महिंद्राची सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच, कारण तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि इंजिनाची उंची वाढली. बॉनेट उघडल्यावर वर रॉकर कव्हर आणि कार्बुरेटर दिसला तर ते युद्धातलं इंजिन नव्हे. त्या २.२ लिटरच्या ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं हेड सपाट असतं, वर फक्त प्लग.

पण यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट विकत मिळते. नऊ फटींची जाळी मिळते, अख्खी बॉडी मिळते; पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर जिपा बांधायचा बाजारच आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या माहितीच्या पट्ट्या नव्या छापून मिळतात, त्यांना हवं तेवढं जुनाट करूनही देतात. आणि आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि मशीनिंग एवढं आहे की नमुना दाखवला तर हवा तो पार्ट होतो. मी तिथंच टर्नर होतो, म्हणून ठामपणे सांगतो. पट्टी बघून गाडीचं साल सांगणारा माणूस दिसला की मी चहा संपवून उठतो.

आता ज्या सापळ्यात मीही सापडलो होतो त्याकडे येतो. तो म्हणजे चेसी नंबर, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा नंबर. आरसी बुकावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला की नवखा माणूस निर्धास्त होतो. पण जुळणं हा पुरावा नव्हे, कारण जुळवणाऱ्याने तो जुळवलेलाच असतो. कागद एका भंगारात गेलेल्या जिपेचे, गाडी दुसरीच. बघायचं असतं ते हे, की तो आकडा त्या लोखंडावर केव्हा उमटला.

फोर्डने नंबर चेसीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, पुढच्या बाजूला पंच केला. विलीजने त्याच पट्टीच्या आतल्या अंगाला नंबराची छोटी प्लेट रिव्हेटने बसवली. विलीजची प्लेट गळून पडली असेल तर नंतर कुणीतरी चेसीवर नंबर ठोकलेला सापडतो. ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच, असं नाही. परवानगीने ठोकला असेल तर आरटीओच्या कागदावर तशी नोंद हवी. ती नसेल तर विकणाऱ्याची गोष्ट कितीही गोड असो, तिथे थांबा.

नंबराची जागा रॉकेल आणि फडक्याने साफ करा. ग्राइंडर, पॉलिश पेपर लावू नका, विकणाऱ्यालाही लावू देऊ नका. भिंग आणि टॉर्च घ्या, टॉर्च आडवा धरा. इतक्या वर्षांच्या लोखंडाला गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. नंबर जुना असेल तर खड्डे आकड्याच्या घळीतही असतात आणि आजूबाजूलाही. सभोवताली खड्डे आणि आकड्याच्या कडा मात्र धारदार, तळ गुळगुळीत, म्हणजे गंज आधी आला आणि नंबर मागाहून. तेवढाच भाग बाकीच्या पट्टीपेक्षा सपाट किंवा पातळ लागला तर आधीचा नंबर घासून काढलाय. बोट फिरवून बघा, डोळ्याला न दिसलेला खोलगा बोटाला लागतो. मग आरटीओत घेतात तसा पेन्सिलने कागदावर चेसी प्रिंट घ्या. फोटोत न दिसणारी जुन्या आकड्याची भुतं त्या प्रिंटवर दिसतात. घरी येऊन दिवसाउजेडी पुन्हा बघा. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि विकणारा शेजारी उभा राहून ‘ओ, नंबर तर जुळला की’ म्हणत असतो. म्हणू दे.

चेसीखाली झोपलाच आहात तर रेडिएटरच्या खालची आडवी पट्टी चाचपा. विलीजची गोल पाइपची, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. गोल पाइप मिळाली म्हणून विलीज सिद्ध होत नाही, पण फोर्डची माहितीची पट्टी लावलेल्या गाडीखाली गोल पाइप लागली तर पुढचं बघायची गरज नाही. फोर्डने बोल्टांच्या डोक्यावरही ‘एफ’ उमटवला होता. तेही बोल्ट विकत मिळतात, म्हणून ‘एफ’ कुठे आहे हे बघा. बंपरवर, विंडशील्डवर सगळे ‘एफ’ आणि खाली, हात पोचत नाही तिथे एकही नाही, तर ती सजावट आहे.

घाबरू नका. पहिल्या काही गाड्यांवर काहीच ठरवता येत नाही, तेव्हा ‘ठरवता आलं नाही’ असंच लिहून द्या. गिऱ्हाईक चिडतं, पण पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतं.

गुरूंबद्दल थोडं. आमचे शहापूरचे तात्या मिस्त्री गाडी सुरू करायच्या आधी खाली झोपायला लावायचे आणि वर आल्यावर ‘सांग काय दिसलं’ एवढंच विचारायचे. उत्तर त्यांनी कधी आयतं दिलं नाही. त्याचा तेव्हा राग यायचा. उलट विकणाऱ्याकडनं कमिशन घेऊन तुम्हाला पारख शिकवणारे बरेच भेटतील. त्यांच्याकडनं गाड्यांची माहिती घ्या, पण सल्ला घेऊ नका. फी आधी ठरवा आणि सौदा होवो न होवो तेवढीच घ्या.

सीमेवरचे कागद हा वेगळाच ताप. एकाच गाडीवर आधी म्हैसूर राज्याचा ‘एमवाय’ नंबर, मग महाराष्ट्रातली नोंद, मध्येच गोव्याचा मालक असं निघतं. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) च्या हद्दीत एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, गाडी आणायची तर तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आधी हातात हवं, आणि इकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर आणि इथला कर. ‘एनओसी मागनं देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही मागनंच द्या. जुनं कागदी आरसी बुक ऑनलाइन चढवलेलंच नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यायला लावा. डिझेल इंजिन टाकलेली जीप असेल तर आरसीवर इंधन काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा तिथे अजून पेट्रोलच असतं, म्हणजे तो बदल कधी नोंदवलाच नाही.

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. इथे ‘पहिली नोंदणी’ हे शब्द नीट वाचा. लष्कराची गाडी आपल्या आरटीओत येते ती लिलावानंतर. १९४४ ची जीप १९८० साली नोंदली असेल तर कागदावर ती २०३० पर्यंत व्हिंटेज नाही. काही बुकांवर तर उत्पादनाचं साल म्हणून लिलावाचंच साल चढवलेलं असतं. याचा भावावर थेट परिणाम होतो आणि गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही.

भाव काढताना जाहिरातीतले आकडे बघू नका, ती मागणी आहे, विक्री नव्हे. आधी पुन्हा मिळणार नाही ते मोजा: स्वच्छ नंबराची चेसी, इंजिनाचा मूळ ब्लॉक, पहिल्या मालकापासून सलग कागद. बॉडी, जाळी, सीट, रंग यांना खर्चाएवढाच भाव द्या. मूळ इंजिन नसेल तर ती चांगली जीप असू शकते, संग्रहाची नव्हे, आणि हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून अहवालात एकच रक्कम न लिहिता काय मूळ आणि काय बदललेलं याची यादी आणि चेसी प्रिंट जोडा. विमा कंपनीशी बोलताना मालकाला त्याचाच उपयोग होतो.