एमएफसी सेन्सर लावायच्या आधीची तयारी (गाळाचं विरजण वगैरे)

पाण्यात सेंद्रिय घाण किती हे बीओडीवरून (ती घाण फोडताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्यावरून) कळतं पण आपल्याकडच्या पद्धतीत त्याला २७ अंशाला ३ दिवस लागतात, म्हणून हा मायक्रोबियल फ्युएल सेलचा (एमएफसी, म्हणजे जीवाणूंपासून करंट देणारी पाण्याची बरणी) खटाटोप. जिओबॅक्टरसारखे जीवाणू घाण खातात आणि इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतात, खाणं जास्त तर करंट जास्त.

सगळ्यात आधी गाळ. नाल्याच्या तळाचा काळा, वास मारणारा घ्यायचा (ग्लोव्हज घालूनच), पण बरणीभर नको, विरजणापुरताच, कारण गाळच भरला तर जीवाणू त्यातलंच खात बसतात आणि तुमच्या सॅम्पलचं काही कळतच नाही. इलेक्ट्रोड म्हणून कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंचं जाड कापड) दोन तुकडे, एक तळाशी जिथे हवा पोचत नाही, दुसरा पाण्यावर तरंगता. वायर टायटॅनियमची किंवा चांगल्या स्टीलची. तांब्याची अजिबात नको, ती गंजते, तांबं जीवाणूंना विषारी, आणि वर खोटं व्होल्टेज दाखवते. दोन वायरींच्या मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर आणि त्यावर साधा मल्टिमीटर पुरतो, २०० मिलिव्होल्ट दिसले की ०.२ मिलिअँप, झालं. आणि हो, अशीच दुसरी बरणी, फक्त गाळ कुकरमध्ये शिजवून मारलेला, म्हणजे करंट खरंच जीवाणूंचाच आहे ना ते कळेल. हे सगळे टाळतात.

मग थांबायचं. इलेक्ट्रोडवर जीवाणूंचा थर जमायला आठवडा दोन आठवडे जातात, रीडिंग रोज साधारण एकाच पातळीवर यायला लागलं की मगच कॅलिब्रेशन (किती करंट म्हणजे किती बीओडी ते जुळवणं). त्यासाठी ग्लुकोज आणि ग्लुटामिक ॲसिड, लिटरला प्रत्येकी १५० मिलिग्रॅम, याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास येतो, त्यातूनच पातळ करत चार-पाच द्रावणं करून ठेवा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पातळ केलं तर क्षार कमी होऊन करंट तसाही पडतो, म्हणून फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरिन, ते नकोच. बरणीशेजारी थर्मामीटर पाहिजेच, थंडीत करंट उगाच कमी दिसतो. आणि एका मर्यादेनंतर घाण कितीही वाढली तरी करंट वाढत नाही, फार घाण पाणी असेल तर पातळ करूनच घाला.

शेवटचं, थोडं सोडियम ॲसिटेट (या जीवाणूंचं सोपं खाणं) कायम हाताशी ठेवा. करंट एकदम पडला तर पाणी स्वच्छ आहे की विषारी हे मीटर सांगत नाही ना! चिमूटभर टाकायचं, करंट चढला तर बिचारे उपाशी होते, नाही चढला तर पाण्यात जड धातू, नायट्रेट किंवा जास्तीचा ऑक्सिजन आहे का ते शोधायला लागा.