पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बसवायचाय? आधी वजनकाट्यावर जा, आणि या चुका टाळा

उसाच्या पट्ट्यात राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे सातारा असो की सांगली, कुठल्याही रस्त्याला लागा, थोड्या वेळात एक वजनकाटा दिसतोच. आणि पिकअपवर पॉप-अप कॅम्पर, म्हणजे हौद्यावर बसणारी, छत वर उचलून कापडी भिंतींच्या आत झोपता येणारी खोली, बसवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. पण होतं काय, आपण आधी व्हिडिओ बघतो, मग फ्रीज कुठला घ्यायचा, सोलर किती वॅटचं यात महिना घालवतो, आणि वजनाचा विचार गाडी मागून बसायला लागली की सुरू होतो. माझं अगदी असंच झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी डबल केबिन, एमएच-११ पासिंग. एका फॅब्रिकेटरकडे शेल (कॅम्परची बाहेरची पेटी) करायला टाकली तेव्हा बोलणं झालं होतं अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचं, वजन फार तर पावणेदोनशे किलो. गाडी ताब्यात आली तेव्हा वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि आत सगळा एक इंची एमएसचा (साध्या स्टीलचा) चौकोनी पाइप, खाली १८ एमएमचं प्लाय. दिसायला झकास होती, पण मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) सरळ झालेले दिसले म्हणून घरी न जाता आधी काट्यावर घातली. शेल बसवायच्या आधीची पावती माझ्या खिशात होती.

"रिकामीच हाय न्हवं?" काटेवाले मामा म्हणाले.
"रिकामीच आहे मामा, नुसता टप चढवलाय वर."
"मग साडेतीनशे किलो कशाचं वाढलंय?"

पावतीवर ३४० किलोचा फरक. माणसं नाहीत, पाणी नाही, गादी नाही, आणि निम्म्याहून जास्त क्षमता संपलेली. ती शेल मी पुन्हा उघडून घेतली, फ्रेम बदलली, प्लाय काढलं, आणि या सगळ्यात एक अख्खा हिवाळा हातचा गेला.

तर पहिली चूक हीच, वजन तोंडी ठरवणं. आरसीवर ग्रॉस वेट आणि अनलेडन वेट दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुमच्या हातात असलेलं वजन, आणि अनलेडनमध्ये ड्रायव्हर धरलेला नसतो हे लक्षात ठेवा. समजा ४५० किलो हातात आहेत. दोन माणसं १४०, शेल १८०, पाणी ४० लिटर म्हणजे ४०, गादी १२, बॅटरी १३, फ्रीज १५, गॅस-शेगडी १५, बाहेरची सावली १०, कपडे-भांडी ३०, हत्यारं २०. बेरीज करा, ४७५ झाले. यात उधळपट्टी कुठेच नाही तरी २५ किलो जास्त. म्हणून शेलचा आकडा कागदावर लिहून घ्या, प्लायच्या जागी कुठे एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट) शीट चालेल ते बघा (१८ एमएमची आठ बाय चारची एक प्लाय शीटच पस्तीस किलोच्या आसपास भरते), आणि स्टीलपेक्षा अ‍ॅल्युमिनियम साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं हे फॅब्रिकेटरला माहीत असतंच, फक्त त्याला एमएस वेल्ड करायची सवय असते. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या, टँकर, ट्रकच्या बॉड्या बनवणारे कसलेले हात आहेत, कुपवाडला आहेत, साताऱ्याला आहेत, पण त्यांची सगळी नजर मजबुतीवर, हलकं बनवायचं असतं हे त्यांना बसून समजावून सांगावं लागतं.

काट्यावर दोनदा वजन करा. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. एकूण वजन बसत असलं तरी मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त येऊ शकतं, कारण डबल केबिनचा हौदा बराचसा मागच्या चाकांच्याही मागे असतो. पसरणीच्या घाटात चढावर स्टेअरिंग एकदम हलकं लागतंय, रात्री समोरचे सगळे तुम्हाला डिपर मारतायत, तर समजा की मागचा भाग बसलाय आणि पुढची चाकं मोकळी झालीत. बॅटरी आणि पाण्याचे कॅन हौद्याच्या पुढच्या टोकाला, केबिनला चिकटून आणि खाली ठेवा, फाळक्याजवळ हलकं सामान. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आणि यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो, "एक पाटा वाढव, काय होतंय." पाटा वाढवला की गाडी उचललेली दिसते हे खरं, पण ब्रेक तेच राहतात, टायर तेच, बेअरिंग तेच, आणि आरसीवरचा आकडाही तोच. खंबाटकी उतरताना जोर ब्रेकवर येतो, पाट्यावर नाही.

मापाची चूक. अमेरिकेतल्या ज्या शेल बघून आपल्याला हौस येते त्या बऱ्याच वेळा सहा-साडेसहा फुटी हौद्यासाठी असतात, आपल्या डबल केबिनचा हौदा साधारण पाच फुटी. पाच फुटात मोठा माणूस सरळ झोपत नाही, म्हणून केबिनवर पुढे आलेलं नाक करावं लागतं, आणि त्यातच झोपायची जागा. सिंगल केबिनला आठ-नऊ फुटी हौदा मिळतो, तिथे नाक नको, उंचीही कमी राहते, फक्त गाडीत दोघंच मावतात. नाक केलं असेल तर उंची मोजून टेपने डॅशबोर्डवर चिकटवा. सुरूर ते वाई आणि पुढे पाचगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जुने वड फार देखणे आहेत, पण त्यांच्या फांद्या बसच्या उंचीला झिजलेल्या असतात त्या रस्त्याच्या मधोमध, कडेला नाही, आणि समोरून बस आली की आपण कडेलाच जातो. गादीचंही असंच, ४० डेन्सिटीचा तीन इंची फोम पुरतो, चार इंची घेतला आणि वर रजई तशीच ठेवली तर छत खाली येऊन लॉक बसत नाही, मग माणूस दाबून बंद करतो आणि बिजागरी वाकते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका, हे मी मनापासून सांगतोय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलंय. कायमस्वरूपी मोटर कॅरॅव्हॅन करायची तर त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे. म्हणून शेल चेसिसला किंवा बॉडीला वेल्ड करू नका, हौद्यात क्लॅम्प आणि टर्नबकलने (फिरवून ताणायच्या स्क्रूने) बसणारी, उतरवता येणारी ठेवा, आणि तरीही कामाला पैसे द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, मुलं हट्ट करतात तरी नाही.

आता पाण्याचं, कारण आपल्या भागात पॉप-अप खराब होतो तो पावसाने. छत उचलल्यावर बाजूला असतात त्या कापडाच्या भिंती. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्या पट्ट्यात जुलैत कापड कोरडं होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर ऑक्टोबर उजाडेल, म्हणजे ओलं बंद करावंच लागतं. चूक ओलं बंद करण्यात नाही, घरी आल्यावर न उघडण्यात आहे. ठोसेघरहून रविवारी रात्री आलो, गाडी लावली, बुधवारी छत उघडलं तर शिवणीच्या कडेने मोहरीएवढे काळे ठिपके आणि भिजलेल्या पोत्यासारखा वास. त्यावर ब्लीच टाकू नका, दोरा आणि कोटिंग दोन्ही जातं. पांढरा व्हिनेगर पाण्यात पातळ करून मऊ ब्रशने घासा, धुवा, पूर्ण सुकवा, मग वॉटरप्रूफिंगचा स्प्रे. डाग थोडे राहतातच, वास जातो. तेव्हापासून माझा नियम असा की कितीही उशीर झाला तरी पोर्चमध्ये छत उघडायचं, आत टेबलफॅन लावायचा, मगच जेवायला बसायचं.

बरेच जण गळती समजतात ती गळती नसतेच. पहाटे आतल्या पत्र्यावर थेंब असतात ते आपल्याच श्वासाचे, दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या वर वाफ सोडतात, आणि थंडीच्या भीतीने सगळ्या चेन बंद केल्या की ती थंड पत्र्यावर बसते. खाली एक झरोका, वर विरुद्ध बाजूला एक झरोका, पावसातही बोटभर उघडे. आतल्या पत्र्याला नायट्रिल रबरची शीट चिकटवली की अजून कमी होतं.

खरी गळती शोधायची तर एक रीत आहे. पाणी जिथे टपकतं तिथून आत आलेलं नसतं, ते फ्रेमच्या पाइपवरून धावत येतं. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची, आणि सुरुवात खालून करायची. आधी फक्त खालची फट पाच मिनिटं, मग खिडकी, मग कोपरा, मग छताची कड. वरून सुरू केलं की पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. माझ्याकडे ती जागा सोलरच्या वायरच्या भोकाची निघाली, टपकत होतं तीन फूट लांब. तिथे साधा सिलिकॉन लावून सोडलं होतं. सिलिकॉनवर पुन्हा दुसरं काही धड चिकटत नाही, ते पूर्ण खरवडावं लागतं. जोडाखाली ब्युटाइल टेप आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट हे घाटातल्या हादऱ्यांत टिकतं. आणि जिथे अ‍ॅल्युमिनियम स्टीलला टेकतं तिथे रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून कुजतं.

छत एका बाजूने वर येतंय, दुसऱ्या बाजूला ढकलावं लागतंय? एक गॅस स्ट्रट (छत उचलून धरणारा गॅसचा दांडा) मेलाय. जोडीनेच बदला, अंगावर न्यूटनमध्ये आकडा असतो, ४०० न्यूटन म्हणजे अंदाजे ४० किलोचा जोर. नंतर छतावर सोलर पॅनेल बसवलं की जुने स्ट्रट कमी पडतात, हे पॅनेल घेतानाच धरा.

विजेचं गणित सोपं आहे तरी सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच. छोटा कंप्रेसर फ्रीज चालताना ४५ वॅट धरा, अर्धा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५४० वॅट-अवर. १०० एएचची (अ‍ॅम्पिअर-अवरची), १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-अवरची, म्हणजे दोन दिवस निघतात. घरातली इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी टाकायचा मोह होतो, पण तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि पुन्हा काट्याची गोष्ट सुरू. बॅटरी भरलेली असूनही रात्री फ्रीज बंद पडतो ही तक्रार बहुतेक वेळा वायरची असते. घरगुती १.५ एमएमची वायर पाच मीटर ओढली तर जाऊन-येऊन दहा मीटर होते, कंप्रेसर उठताना दहा अ‍ॅम्पिअर घेतले तर सव्वा व्होल्ट वायरमध्येच जातो, फ्रीजला वाटतं बॅटरी संपली. ६ एमएमची तांब्याची वायर टाका, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. पावसाळ्यात सोलरवर भरवसा ठेवू नका, चालत्या गाडीतून डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या अल्टरनेटरवरून ही बॅटरी भरणारा) लावा, बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर मधेच व्होल्टेज खाली आणतो त्यामुळे दोन बॅटऱ्या जोडणारा नुसता रिले पुरत नाही.

स्वयंपाक शक्यतो फाळका उघडून बाहेरच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीवर साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजे, वर खिडकी उघडी असून उपयोग नाही. आणि उब घ्यायला कोळशाची शेगडी आत घेऊन कधीच झोपायचं नाही, कधीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जत, कवठेमहांकाळ, माणकडे कच्च्या रस्त्यावर गेलात की गादीवर धुळीचा थर मिळेल. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. फाळक्याला चारही बाजूंनी रबर बीडिंग लावा आणि चालताना पुढच्या बाजूचा झरोका थोडा उघडा ठेवा म्हणजे आत हवा भरलेली राहते.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उगाच तिथे नाहीत, त्या पठारावर मुक्काम करताना बॉनेट वाऱ्याकडे करून लावा, मागून उघडणारं छत असेल तर वारा त्याच्या पाठीवरून जातो, उलटी लावली तर रात्रभर कापड शिडासारखं फडफडतं आणि शिवण सुटते. कास पठारावर, कोयना-चांदोलीच्या जंगलात गाडी लावून झोपता येत नाही, गावात विचारून एखाद्याच्या शेतात किंवा बामणोलीकडे घरगुती मुक्कामाच्या अंगणात जागा मागा, लोक देतात.

पहिली रात्र मात्र घराच्या अंगणातच काढा, नळी मारून, फ्रीज चालू ठेवून, सगळ्या चेन लावून (चेन अडत असेल तर मेणबत्ती घासा). मग पहिल्या लांबच्या फेरीला निघाल्यावर शंभर किलोमीटरच्या आत कुठेतरी चहाला थांबा आणि चहा येईपर्यंत चारही टर्नबकल हाताने फिरवून बघा, नव्या शेलचे त्यातले एक-दोन ढिले झालेले असतातच.